दाराशी जुळवून ठेवलेल्या चपला

आमच्या घरात माझ्याविषयी एक गोष्ट होती. धारला कुणी पाहुणे आले, चहापाणी झालं, की आई ती सांगायची. मी दोन वर्षांची असताना तिला पुन्हा दिवस गेले. पोटुशी बाईनं आधीच्या मुलाला अंगावर पाजू नये, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून तिनं छातीला काळा बोळ लावला. काळा बोळ म्हणजे कडू जहर औषध. मूल एकदा तोंड लावतं, थू थू करतं आणि दुधाचं नाव काढत नाही. मी म्हणे तोंड लावलं, वाकडं केलं, मग आईचाच पदर ओढून सगळं स्वच्छ पुसलं आणि पुन्हा प्यायला लागले. इथे पाहुणे हसायचे. हसू ओसरलं की आई शेवट सांगायची, "आणि मग एक दिवस बाईसाहेबांनी आपणहून सोडलं. रडणं नाही, हट्ट नाही. फार शहाणी मुलगी."

त्या 'फार शहाणी'वर मी माझा सगळा जन्म उभा केला. धाकट्या भावाला नवं दप्तर आलं की मी म्हणायची, मला नको, माझं चांगलं आहे. शेजारच्या मुली जत्रेत आईचा हात धरून चालायच्या, मी दोन पावलं पुढे चालायची. लग्नात सासरी निघताना सगळ्या बायका रडल्या आणि मी एकटी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसले, तेव्हाही आईनं कुणाला तरी अभिमानानं सांगितलेलं मी ऐकलं, "ती लहानपणापासून अशीच आहे. कुणावर अवलंबून नाही." मला फार बरं वाटलं होतं. मूर्ख होते.

लग्नानंतर मी देवासला आले आणि इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले. शिकवायचं हिंदीतून, घरी बोलायचं मराठी, आणि भाजीवालीशी जमेल तशी माळवी. आम्हा इकडच्या मराठी लोकांची जीभ अशीच तीन चुलींवर शिजलेली असते. दरवर्षी पावसाळा संपत आला की मनोविश्लेषणाचा धडा यायचा. मूल आधी तोंडानं जग ओळखतं, मग शी-शूच्या शिस्तीतून, मग पुढचं पुढे. आणि यातल्या एखाद्या पायरीवर फार लाड झाले किंवा फार उपासमार झाली की मन तिथेच अडकून बसतं, मोठेपणी सवय होऊन बाहेर पडतं. दुसऱ्या पायरीला मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. पहिल्या पायरीला मी उदाहरणं द्यायची, नखं कुरतडणारे, पेन चावणारे, सतत तोंडात काहीतरी लागणारे. एका वर्षी टोंकखुर्दहून येणाऱ्या एका मुलीनं हात वर केला. "मैडम, आप भी तो दिनभर लौंग चबाती हो."

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, माझे दात किडके आहेत. आणि मनात म्हटलं, माझ्यावर हा सिद्धांत लागू होत नाही, मी तर आपणहून सोडलं होतं. तसंही आजकालचं मानसशास्त्र हे सगळं जसंच्या तसं मानत नाही, हेही मी मुलांना न विसरता सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

लवंगेखेरीज मला आणखी एक सवय होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी घरात शिरताना दाराशी आधी चपला बघायची. कुणाच्या आहेत, कुणाच्या नाहीत. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी गप्पांमधून उठून एकदा बाहेर डोकावून यायची. नवरा आंघोळीला गेला असला, पाण्याचा आवाज येत असला, तरी त्याच्या चपला जागेवर दिसल्या की मला काम सुचायचं. तो मला चिडवायचा, "झाली का हजेरी? सगळे जोडे उपस्थित?" एकदा म्हणाला, तुझ्या माहेरी जोडेचोर फार होते का. मी म्हटलं, मला घर नीट ठेवायला आवडतं. ते खरं नव्हतं, पण खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

आता गेल्या नवरात्राची गोष्ट.

माझा भाऊ पीथमपुरात एका कारखान्यात आहे. शिफ्टची नोकरी, कंपनीची बस, दोन खोल्यांचा फ्लॅट. वडिलांच्या माघारी आई धारला एकटी राहायची. वडिलांनी बांधलेलं लहानसं घर, पुढे ओटला, मागे पेरूचं झाड. घर वडिलांनी भावाच्या नावावर केलेलं होतं. मुलीला विचारायची रीत आमच्यात नव्हती आणि शहाण्या मुलीनं विचारायचंही नसतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. "ताई, घराची पुताई काढली आहे, सगळी रंगरंगोटी. धूळ फार, आईला खोकला होईल. नवरात्रभर तुझ्याकडे ठेव ना. तिलाही टेकडीचं दर्शन होऊन जाईल."

टेकडीवरच्या देवीचं नाव काढलं की आई कुठेही यायला तयार होते. संध्याकाळी तो तिला घेऊन आला. लहान बॅग, त्यात चार साड्या, जपाची माळ, खोकल्याचं औषध. पेरूला फळ धरलंय, पुताईवाल्यांनी पोपटासारखे तोडून खाल्ले तर बघ, असं ती त्याला येता येताच बजावत होती. तो 'हो हो' करत होता. जेवण छान झालं. तो म्हणाला, डबल शिफ्ट करून आलोय, उद्या उशिरापर्यंत झोपणार, कुणी उठवू नका. मी त्याचं अंथरूण वरच्या खोलीत घातलं.

सकाळी मी उठले, सवयीप्रमाणे दार उघडलं, चपला पाहिल्या. आईच्या होत्या, नवऱ्याच्या होत्या, भावाच्या होत्या. सगळं ठीक. नवरा इंदूरला कामावर गेला. कॉलेजला त्या दिवशी सुट्टी होती. मी घट बसवले, आईनं माळ चढवली, आरती झाली. रस्त्यावरून टेकडीकडे जाणाऱ्यांची रांग सुरू झाली होती, कुणी अनवाणी, कुणी लोटांगण घालत. मी भावासाठी साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवली. आई म्हणाली, "उठव त्याला, आपण तिघं दर्शनाला जाऊ." मी म्हटलं, झोपू दे गं, दमलाय. ती दोनदा म्हणाली, मी दोनदा तेच सांगितलं.

दुपार होत आली तेव्हा आई स्वतःच उठून दाराशी गेली. बराच वेळ उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "घरातच आहे तो, चपला आहेत ना बाहेर."

आई म्हणाली, "गेला तो."

"अगं, चपला आहेत."

"बघ कशा ठेवल्यात. एकीला एक जुळवून, बोटं घराकडे करून. जन्मात कधी त्यानं चपला अशा काढल्या होत्या का? एक इकडे भिरकावतो, एक तिकडे."

मी वर गेले. अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. आलेला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती, ती नव्हती. त्या पिशवीत त्याचे कंपनीचे बूट होते, हे मला तेव्हा कळलं. पहाटेच कधीतरी बूट घालून तो बाहेर पडला होता. खाली आले तर आई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती आणि हसत होती. रडण्याच्या अलीकडचं हसू असतं ना, तसं.

"माझंच मला परत केलंन," ती म्हणाली. "त्याच्या मुलाला पाळणाघरात सोडताना पोर फार रडायचं. तेव्हा मीच त्याला ही युक्ती सांगितली होती. म्हटलं, तुझ्या ताईला मी अशीच सोडून आले होते."

मी म्हटलं, "कुठे सोडून आली होतीस?"

तिला वाटत होतं मला माहीत आहे. खरोखर वाटत होतं. सगळ्या घराला माहीत होतं, मावशीला, वडिलांना, गेल्या काही वर्षांपासून धाकट्या भावालाही. ती बोलत गेली आणि मी उभी राहून ऐकत गेले. मी बोळ पुसून प्यायले, त्याला सगळे हसले, पण आता हिचं करायचं काय हा प्रश्न उरलाच. मग ठरलं की मुलीला देवासला मावशीकडे ठेवायचं, बाळंतपण होईपर्यंत. मावशीचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. आई मला घेऊन आली, राहिली, आणि एक दिवस मी अंगणात खेळत असताना मागच्या दारानं निघून गेली. पण मी चपलांवरून माणूस ओळखायची. आईच्या चपला दिसल्या नाहीत की आकांत करायची. म्हणून आई स्वतःच्या चपला पुढच्या दाराशी जुळवून ठेवून गेली. मावशीच्या चपला घालून. म्हणजे मला वाटावं, आई घरातच आहे.

"मावशीचा पाय केवढासा," आई म्हणाली. "टाच बाहेर लोंबत होती. बसस्टँडपर्यंत जाईतो पाय सोलून निघाला माझा."

तिला वाटलं मी तिच्या पायाबद्दल हळहळेन.

"मी काय केलं मग?"

"तू? मावशी सांगायची, चपलांपाशी बसायचीस. जेवायलाही तिथेच. कुणाला त्या हलवू द्यायची नाहीस. झोप लागली की उचलून आत न्यायची तुला. उठलीस की पुन्हा तिथे. मग हळूहळू सवय झाली. मुलांना होते सवय."

माझ्या डोक्यात तिडीक उठली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ती म्हातारी, दम्याची, नुकतीच स्वतःच फसवली गेलेली बाई दिसत नव्हती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला चपला बघायची सवय आहे. सवय कसली, मी अजून तिथेच बसलेली होते. आणि कहर म्हणजे, इतकं बसूनही शिकले काय? आज सकाळी, केस पांढरे झाल्यावर, त्याच युक्तीनं मला पुन्हा फसवलं. माझ्याच दारात. ज्याच्या जन्मासाठी मला पहिल्यांदा फसवलं होतं, त्यानंच. केसानं गळा कापणं म्हणतात ते असंच असणार.

मी भावाला फोन लावला. मागे कारखान्याची घरघर होती.

"ताई, तू आधी चिल्लाऊ नको. घराचा सौदा झाला आहे. चाबी दिली त्यांना."

"आणि पुताई?"

"ती तर करतीलच ना, ज्यांनी घेतलं ते."

तोच बोलत राहिला. आईला सांगितलं असतं तर ती धारहून हललीच नसती. ती एकटी, पडली-झडली तर बघणार कोण. त्याच्या शिफ्टा, त्याचे दोन कमरे. तुझं घर मोठं, तू घरी लवकर येतेस. मी म्हटलं, "मला तरी सांगायचं होतंस."

"तुझा चेहरा सब बता देता है, ताई. आणि आईच म्हणते ना, सांगून गेलं की रडारड होते." मग आवाज मऊ करून म्हणाला, "और फिर तू समजदार आहेस."

शहाणी. तीच ती, हिंदी कपडे घालून आलेली. मी फोन ठेवून दिला.

आई अजून दाराशीच होती. मला वाटलं होतं तिनं ओळखलं असेल, पण नाही. भाऊ न सांगता गेला एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "रागावलीस का त्याला? जाऊ दे. पुताई कधी होईल म्हणाला? दसऱ्यापर्यंत तरी होईल ना?"

मी 'हो' म्हटलं असतं तर नऊ दिवस तिचे सुखात गेले असते. तिला टेकडीवर नेलं असतं, पेरूंची चौकशी तिनं रोज केली असती, मी रोज काहीतरी ठोकून दिलं असतं. माझ्या घराण्यात ही कला सगळ्यांना येते, मलाही आली असती. तिच्याकडे बघितलं आणि मला एवढंच वाटलं की आता पुरे झालं. ते वाटणं प्रामाणिकपणाचं होतं की सूडाचं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"आई, घर विकलं त्यानं. तू परत जाणार नाहीस. इथेच राहायचं आहे."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बाहेर देवीचा जयजयकार करत माणसं चालली होती. मग म्हणाली, "सांगायची एवढी काय घाई होती? नवरात्र तरी होऊ द्यायचं."

"मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून."

"तू दोन वर्षांची होतीस. तुला काय कळलं असतं?"

"रडले असते."

"तेच तर म्हणते मी," आई म्हणाली. "रडली असतीस. मला बघवलं नसतं."

म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं. हे तिनं इतक्या सरळपणे सांगितलं की मला पुढे भांडताच येईना. मी खाली बसले, तिच्यापासून हातभर लांब. आमच्या दोघींच्या मध्ये भावाच्या त्या झिजलेल्या चपला होत्या. मी विचारलं, घ्यायला कधी आलीस.

"हा झाल्यावर. सव्वा महिना झाला आणि लगेच आले. हा माझ्या कडेवर. म्हटलं, धावत येशील. तू आली नाहीस. आधी चपलांकडे बघितलंस. मग माझ्या पायांकडे. मग गेलीस आणि मावशीच्या मागे उभी राहिलीस. रात्री याला पाजताना मी तुला हाक मारली. म्हटलं, ये, तूही ये, कुणाला कळतंय. तू मान फिरवलीस. नंतर कधी मागितलंच नाहीस." मग थोड्या दुखावल्या स्वरात म्हणाली, "म्हणून मी सांगायची, आपणहून सोडलंस. मी खोटं कुठे बोलले?"

खोटं नव्हतंच ते. गोष्टीचं डोकं खरं, शेपूट खरं, फक्त मधलं सगळं कापून टाकलेलं. त्या मधल्या भागात मी होते.

पुस्तकाचं सगळं लक्ष दुधावर आहे. मूल दूध केव्हा सोडतं, कसं सोडतं, लवकर की उशिरा. माझं दूध तुटलं त्याचं मला काही वाटत नाही; ते आज ना उद्या सगळ्यांचंच तुटतं. बोळही मला चालला होता. तो कडू होता आणि कडूच लागला, त्यात फसवणूक नव्हती. माझा आणि त्याचा सामना झाला आणि मी तो पुसून टाकला. पण आहे असं दाखवून नसणं, हे कशानं पुसायचं? त्यावर पदर चालत नाही. लवंग बहुतेक दुधासाठी असेल, मी मान्य करते, त्या टोंकखुर्दच्या मुलीला पैकीच्या पैकी. बाकीचं माझं सगळं त्या उंबऱ्यावर घडलं. पुढे चालणं, न मागणं, सासरी निघताना न रडणं. लोक ज्याला माझा स्वभाव म्हणत आले तो स्वभाव नव्हताच, तो राग होता, आणि कुणावर करायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या चपला फेकायला निघाले तर आईनं हात धरला. "राहू देत." मी म्हटलं, तो काही येत नाही त्या न्यायला. म्हणाली, "माहीत आहे मला. तरी राहू देत." मी भांडले नाही. त्या अजून तिथेच आहेत. झाडताना मी त्या उचलत नाही, भोवतीनं झाडते.

टेकडीवर आम्ही अष्टमीला गेलो. तिला दम लागतो म्हणून रोपवेनं. वर पोहोचल्यावर तिनं देवीकडे काय मागितलं ते मी विचारलं नाही आणि मी काही मागितलं नाही. सवय नाही.

दसऱ्यानंतर कॉलेज पुन्हा सुरू झालं. पहिल्या सकाळी मी तयार होऊन बाहेरच्या खोलीत आले. आई देवासमोरून उठून आधीच येऊन दाराशी बसली होती. मी म्हटलं, "आई, मी कॉलेजला निघाले. दुपारी येते. जेवण झाकून ठेवलंय." मान हलवली तिनं, पण नजर वर केली नाही. ती दाराकडे बघत होती. माझ्या रोजच्या चपला तिथे होत्या, कारण कॉलेजला मी सँडल घालते.

"त्या इथेच आहेत," ती म्हणाली.

"त्या घरातल्या, आई."

"पाय दाखव."

मला आधी कळलं नाही. मग साडीच्या निऱ्या जरा वर उचलून मी पाय पुढे केले. तिनं वाकून माझ्या सँडल नीट पाहिल्या, पट्टा बोटानं चाचपला. मग रोजच्या चपला उचलल्या आणि माझ्या हातात दिल्या. "या आत नेऊन ठेव. मग जा."

आमचा सिद्धांत म्हणतो की अशा सवयी पाळण्यातल्या वर्षांत लागतात, नंतर फक्त उगवतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एका सकाळीत लागलेली मी पाहिली आहे. आता रोज निघताना तेच होतं. चपला आत, सँडल पायात, निऱ्या वर. रोज मला उशीर होतो आणि रोज राग येतो, कारण माझ्यासाठी कुणी पाय दाखवले नव्हते. तरी मी उभी राहते आणि तिचं बघून होईपर्यंत हलत नाही.